लॉवेलच्या नावाचं वॉरंट

त्या वर्षी वर्ना फुलं करायला बसली आणि लाल कागद कुठला अन् गुलाबी कुठला, हे तिला कळेना.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी साइझमोरांचं सगळं कुळ डोंगरावरच्या दफनभूमीत जमायचं. गवत काढायचं, प्रत्येक थडग्यावर फुलं ठेवायची, प्रार्थना म्हणायची आणि तिथेच झाडांखालच्या लाकडी टेबलांवर जेवायचं. दुकानातली फुलं चालत नसत. कागदाची, घरी केलेली, मेणात बुडवलेलीच लागत. वर्ना लग्न होऊन या खोऱ्यात आली तेव्हा सासूने तिला स्वयंपाकाच्याही आधी ती फुलं शिकवली होती. बोटांना सगळं अजून येत होतं. डोळ्यांच्या मध्यभागी मात्र एक करडा डाग बसला होता आणि तो दर महिन्याला थोडा पसरत होता. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, चेहरा दिसत नसे.

"हा लाल आहे, आई," तिची मुलगी नादीनने कागद तिच्या हातात दिला.

वर्नाने पाकळी वळवली. मग म्हणाली, "लॉवेल या वर्षी आला असता तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी तो समोर उभा राहिला तरी मला काय दिसणार."

तिचा नवरा एमेट गेल्यापासून धाकट्या मुलाचं नाव त्या ओसरीवर कोणी मोठ्याने घेत नसे. नादीनने तार तोडायची पक्कड खाली ठेवली. "तो येऊ शकत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे ना. मीच तर फोनवर त्याला दर वेळी सांगते, येऊ नकोस म्हणून."

नादीनची मुलगी केन्ड्रा पायरीवर बसून देठांना हिरवी पट्टी गुंडाळत होती. मामा घर सोडून गेला तेव्हा ती शाळेत होती. तिला आठवत होती ती एवढीच गोष्ट, की तो कडेवर घेऊन नाचायचा आणि आजोबा हसायचे, जे एरवी कधी हसत नसत. तिने विचारलं, "ते वॉरंट अजून आहे का पण?"

"वॉरंट म्हणजे काय दूध आहे नासायला?" नादीन म्हणाली. "एकदा निघालं की असतंच ते."

"कोणी बघितलंय?"

बघितलं कोणीच नव्हतं. गार्लंडने सांगितलं होतं. गार्लंड थोरला, शाळेची बस चालवणारा, सगळ्या काउंटीत ओळख असलेला. नऊ वर्षांपूर्वी तो म्हणाला, लॉवेलच्या नावाचं वॉरंट निघालंय, आणि तेव्हापासून ते घरातल्या एखाद्या जड कपाटासारखं जागच्या जागी होतं. त्याच्या बाजूने वळसा घालून जायची सवय सगळ्यांना झाली होती.

झालं होतं ते एवढंच. एमेटने मुकादमाच्या हातापाया पडून लॉवेलला कोळशाच्या खाणीत लावलं होतं. लॉवेलने काही महिन्यांत ते काम टाकलं. एमेटला वाटलं, पोराने चारचौघांत आपलं नाक कापलं. जेवणाच्या टेबलावर जे बोलू नये ते बाप बोलला, आणि पहाटे लॉवेल बापाचा ट्रक घेऊन निघून गेला. नदीपलीकडच्या बस स्टँडवर त्याने ट्रक सोडला आणि पुढे ओहायो गाठलं. पण ट्रक सापडायच्या आधीच एमेट रागाच्या भरात गावात गेला होता आणि मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर मुलाविरुद्ध तक्रार लिहून आला होता.

"बघता येतं ते," केन्ड्रा म्हणाली. "लोकांसाठी उघडं असतं. नर्सिंगच्या कोर्सला घेताना त्यांनी माझं नावसुद्धा त्यात बघितलं होतं."

"आपण नाही बघायचं असलं काही," नादीन म्हणाली. "तिथे न्यायालयात फिलिस एकर्स बसते. चर्चमध्ये पियानो वाजवते. आज विचारलं तर रविवारी सगळ्या बाकांवर तोच विषय."

वर्ना एवढंच म्हणाली, की बघून वाईट काय होणार आहे. आहे तेच आहे म्हणून कळेल.

घरी गेल्यावर केन्ड्राने फोनवर शेरीफच्या कार्यालयाची साइट उघडली. नादीन भांडी घासत होती आणि पाठ फिरवलेली असली तरी तिचे कान मागेच होते. आडनाव टाकायचं, एवढंच होतं. साइझमोर आडनावाची बरीच नावं आली, कारण त्या डोंगरांत दर तिसरा माणूस साइझमोर. केन्ड्राचं बोट एका ओळीवर थांबलं. तिने काही न बोलता फोन आईसमोर धरला.

लॉवेल साइझमोर. वॉरंट चालू.

नादीन ओल्या हातांनीच खुर्चीवर बसली. "झालं समाधान?"

खरं सांगायचं तर तिचंच समाधान झालं होतं, आणि त्याची तिला त्याच क्षणी लाज वाटली. एमेटच्या शेवटच्या दोन वर्षांत, फुफ्फुसांत कोळसा भरून तो खुर्चीतच झोपायला लागल्यावर, रात्रपाळ्या तिने आणि गार्लंडने वाटून घेतल्या होत्या. लॉवेल नव्हता. तो येऊ शकत नाही म्हणून नव्हता, हे मानलं की राग थोडा आवरायचा. वॉरंट नसतं, तर तिला त्याच्यावर फारच रागवावं लागलं असतं.

"थांब," केन्ड्रा म्हणाली. "मामाचा जन्म कधीचा?"

नादीनने सांगितलं. केन्ड्राने फोन जवळ घेतला. या ओळीतला लॉवेल साठीच्या पुढचा होता. मधलं नावही वेगळं होतं. नादीनने वाकून वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि तिच्या ध्यानात आलं. हा बेअर फोर्कच्या ओढ्यावरचा लॉवेल. लोकांची तारेची कुंपणं कापून भंगारात विकणारा.

"मग आपला कुठाय?" तिने विचारलं.

त्या यादीत आपला लॉवेल नव्हता. केन्ड्राने शेजारच्या काउंटीतही शोधून पाहिलं, तिथला शोध वेगळा होता. तिथेही नव्हता. नादीन म्हणाली, यंत्राचं काही खरं नसतं, जुनं असेल म्हणून चढवलं नसेल. केन्ड्राने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर ती काउंटीच्या न्यायालयात जाणार होती, एवढंच तिने सांगितलं. नादीन म्हणाली, जा, पण मी येणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी ती गाडीत तिच्या शेजारी बसून आली. आत मात्र गेली नाही. तिने काच खाली केली आणि न्यायालयासमोरच्या सैनिकाच्या पुतळ्याकडे बघत बसली.

फिलिस एकर्सने चष्मा कपाळावर चढवून केन्ड्राकडे बघितलं आणि आजीचे डोळे कसे आहेत, ते आधी विचारलं. केन्ड्राने सांगितलं. मग ती अडखळली. घरून पाठ करून आणलेलं वाक्य तिला आठवेना.

"मिस फिलिस, मला एका माणसाचं वॉरंट बघायचं आहे. आहे की नाही एवढंच."

"बघ ना. कोणीही बघू शकतं. कशाला बघतेस हेही मी विचारणार नाही," फिलिस म्हणाली. "साइटवर बघितलंस?"

"बघितलं. नाव नाही."

"तिथे फक्त चालू असलेली असतात. नाव नाही म्हणजे एक तर कधी निघालंच नाही, नाही तर निघून रद्द झालं. ते इथल्या खटल्यांच्या नोंदीत दिसतं. पूर्ण नाव सांग आणि जन्मतारीख. नुसत्या नावावर जाऊ नये, आपल्याकडे एका नावाचे फार."

केन्ड्राने पूर्ण नाव सांगितलं. फिलिसचे हात टंकायला गेले आणि थांबले. तिला काही टंकायची गरज नव्हती. तरी तिने टंकलं, पडदा केन्ड्राकडे वळवला आणि ओळीखाली बोट ठेवलं. तक्रारदार एमेट साइझमोर. वॉरंट काढलं, वसंतात. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली, खटला निकाली, वॉरंट रद्द. त्याच वर्षीच्या शरदात.

केन्ड्राने विचारलं, "त्याच वर्षी?"

"त्याच वर्षी. पानं गळत होती. एमेट इथेच उभा होता, तू आहेस तिथे. टोपी हातात. म्हणाला, पोराला घरी यायचंय आणि माझा कागद आडवा येतोय, तो काढा." फिलिसने चष्मा खाली घेतला, पुसला, पण पुन्हा लावला नाही. "मी समजत होते, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. बाप गेला तरी लॉवेल आला नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, काय दगडाचा मुलगा आहे. तुमच्यापुढच्या बाकावर बसून मी ते म्हटलं, पोरी. एकदा तोंडाने विचारलं असतं तर."

मागे दार वाजलं. नादीन आत येऊन उभी होती. कधी आली कोणास ठाऊक, पण तिचा चेहरा बघून केन्ड्राला कळलं, की तिने पुरेसं ऐकलंय.

त्या संध्याकाळी नादीनने लॉवेलला फोन लावला. ती स्वतःहून त्याला कधी फोन करत नसे. म्हणून त्याचं पहिलं वाक्य होतं, आई बरी आहे ना. ओहायोतल्या डेटनमध्ये तो लोकांच्या घरचे एसी दुरुस्त करायचा. मागे कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. नादीनने जे बघितलं ते सांगितलं. टीव्हीचा आवाज दूर गेला. तो बाहेर आला असावा.

"कधी रद्द झालं?" त्याने विचारलं.

"तू गेलास त्याच वर्षी. थंडीच्या आधी."

"म्हणजे डॅडी होते तेव्हा."

"डॅडींनीच केलं."

मग तो बोलला, आणि जे बोलला ते नादीनला ठाऊक नव्हतं. एमेटच्या अंत्यविधीला तो आला होता. रात्रभर गाडी चालवून वळणावरच्या पेट्रोल पंपापर्यंत पोचला होता. अंगात सूट होता. अंत्ययात्रा चर्चकडून निघाली आणि शवपेटीच्या गाडीपुढे शेरीफच्या माणसाची गाडी होती, दिवे लावलेली.

"मला वाटलं, माझ्यासाठीच आलेत," तो म्हणाला. "मुलगा बापाला माती द्यायला येणारच, तेव्हा धरू, म्हणून. मी तिथूनच फिरलो."

"ती गाडी प्रत्येकाच्या अंत्ययात्रेला असते, लॉवेल. रस्ता मोकळा करायला असते."

"आता आठवतंय. तेव्हा नाही आठवलं."

नादीनला रडू आलं आणि तिने ते त्याला कळू दिलं नाही. ज्या दिवशी तिने त्याला सगळ्यांत जास्त शिव्या दिल्या होत्या त्या दिवशी तो दोन मैलांवर उभा होता. लॉवेलने विचारलं, गार्लंडला माहीत होतं का. ती म्हणाली, नसेल. डॅडी कुणाला काही सांगायचे का. त्यांनी गुपचूप केलं असेल आणि गिळून टाकलं असेल. गार्लंडने माझ्याइतक्याच रात्री जागवल्यात, त्याच्याबद्दल असं मनात आणू नकोस. हे सगळं ती भराभर बोलली. रविवारी ये, एवढं सांगून तिने फोन ठेवला. आईला सांगायचं नाही असं तिचं आणि केन्ड्राचं ठरलं. न जाणो, ऐन वेळी तो पुन्हा वळणावरून फिरला तर.

रविवारी सकाळी गार्लंडने आईला ट्रकमधून डोंगरावर आणलं, खुर्ची मांडून दिली, पायांवर शाल घातली. मग तो बापाच्या थडग्याभोवतीचं गवत कापायला बसला. हे काम तो कुणाला देत नसे. खाली टेबलांवर बायका तळलेलं चिकन, बटाट्याचं सॅलड, मक्याचा पाव, झाकलेल्या पातेल्यांत घेवडा, असं मांडत होत्या. पोरं थडग्यांमधून पळत होती आणि कुणीतरी त्यांना ओरडत होतं.

ओहायोची नंबर पाटी असलेली गाडी चढ चढून आली तेव्हा गार्लंडने वर बघितलं. गाडीतून उतरलेला माणूस जाड झाला होता, केस मागे सरले होते. पण चालताना डावा खांदा पुढे टाकायची ती लकब एमेटची होती आणि एमेटच्या एकाच मुलाने ती उचलली होती. गार्लंड उभा राहिला. हातातली कातर तशीच.

तो चार पावलं पुढे गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "इथे येणं बरं नाही, लॉवेल. खाली शेरीफचा डेप्युटी आलाय, त्याची सासुरवाडी आपल्यातलीच आहे. कुणी बघितलं तर उगाच तमाशा होईल."

वाक्य त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. इतकी वर्षं बोलून त्याला ते बोलताना काही करावंच लागत नव्हतं.

केन्ड्रा मागून आली. "गार्लंडमामा, वॉरंट नाहीये. आम्ही बघून आलो."

यावर माणूस 'नाही कसं' म्हणेल, 'कुणी सांगितलं' म्हणेल. निदान भुवया तरी उंचावेल. गार्लंडने कातर बंद केली आणि तिची कडी लावली. नादीन त्याच्याकडे बघत होती. त्याला आश्चर्य वाटलं नाही, हे तिने बघितलं, आणि आपण त्याची बाजू घेऊन जे जे बोललो ते एकेक करून तिला आठवलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

गार्लंडने कातरीला चिकटलेलं गवत पुसलं.

"गार्लंड," वर्ना खुर्चीतून म्हणाली. ती सगळ्यांच्या खांद्यांच्या रेषा बघत होती आणि त्यांतली एक तिने ओळखली होती. तिने हात पुढे केला. लॉवेल तिच्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. तिने त्याच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली, कपाळावरून, नाकावरून, वाढलेल्या गालांवरून. आणि बोटं न थांबवता ती मोठ्या मुलाला म्हणाली, "बोल. मला ऐकायचंय. तोंड बघून काही कळायचं तर आता राहिलेलं नाही."

मग गार्लंड बोलला. एकदम नाही. अडत अडत, जमिनीकडे बघत. पहिल्यांदा सांगितलं ते खरं होतं. वॉरंट होतं, म्हणून लॉवेलला येऊ नको म्हटलं. शरदात डॅडी गावातून आले आणि म्हणाले, मिटवलंय, त्याला फोन कर, आईलाही तूच सांग, मला काही जमायचं नाही बोलायला. तो करणार होता. पण त्या आठवड्यात छप्पर गळत होतं आणि तो एकटा वर चढला होता. लॉवेल असताना डॅडी कुणाच्या विनोदाला हसायचे, ते त्याला छपरावर बसून आठवत राहिलं. त्याने मनात म्हटलं, नाताळपर्यंत राहू दे त्याला तिकडे. जरा कळू दे. नाताळ आला तेव्हा, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, असं विचारतील म्हणून राहिलं. मग ते राहतच गेलं.

"आणि डॅडींना काय सांगितलंस?" लॉवेलने विचारलं. तो अजून गुडघ्यांवरच होता, मागे वळला नव्हता. "त्यांनी विचारलं असेल ना."

गार्लंडने बापाच्या थडग्याकडे बघितलं.

"विचारलं होतं का त्यांनी, एवढं सांग."

"विचारायचे. दर शनिवारी," गार्लंड म्हणाला. "पोचला का निरोप, म्हणायचे. मी म्हणायचो, पोचला. तो यायचं नाही म्हणतो."

खाली टेबलांपाशी कुणीतरी भांड्यावर चमचा वाजवून लोकांना जेवायला बोलावत होतं. नादीनने तोंडावर हात ठेवला. केन्ड्राला वाटलं, आपण हे शोधलं नसतं तर बरं झालं असतं. लगेच वाटलं, नाही, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत राहिलं.

लॉवेल उठला. गार्लंडने खांदे ताठ केले. त्याला मार खायचा होता, मनापासून. मार खाऊन काहीतरी फिटल्यासारखं झालं असतं. लॉवेल त्याच्या शेजारून बापाच्या थडग्यापाशी गेला. गवत नीट कापलेलं होतं, दगड धुतलेला होता. हे सगळं कुणी केलंय ते त्याला दिसत होतं. तो बराच वेळ तिथे उभा होता. एकदा खाली वाकून काहीतरी बोलला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही, आणि त्याने पुढे कधी सांगितलंही नाही.

जेवताना तो आईशेजारी बसला. तिने त्याला वाढलं, अंदाजाने, चिकनच्या जागी दोनदा बटाटाच पडला. जुने लोक येऊन त्याच्या पाठीवर थापा मारून गेले. कुणी विचारलं, इतके दिवस कुठे होतास रे, आम्हाला विसरलास. तो हसून म्हणाला, विसरलो नव्हतो. नादीन त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिने त्याला काही सांगायचा दोन-तीनदा प्रयत्न केला आणि दर वेळी त्याच्या ताटात काहीतरी वाढून गप्प झाली. गार्लंड टेबलाशी आला नाही. तो वरच्या बाजूला, ज्यांचं आता कुणी उरलं नव्हतं अशा जुन्या थडग्यांवरचं गवत काढत राहिला. केन्ड्राने एक ताट भरून त्याच्याजवळ नेऊन ठेवलं. तो थँक यू म्हणाला आणि ताट तसंच राहिलं.

निघताना लॉवेलची गाडी गार्लंडजवळून जाताना थांबली. काच खाली आली.

"आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दर महिन्याला तूच नेतोस?" लॉवेलने विचारलं.

"हो."

"पुढच्या महिन्यापासून मी येत जाईन. एक आड एक."

गार्लंडने मान हलवली. त्याला अजून काही बोलायचं होतं. जे बोलायचं होतं त्याला शब्द फार कमी होते आणि ते शब्द लोक रोजच्या रोज चुकून धक्का लागला तरी वापरतात. लॉवेल थोडा वेळ थांबला, जणू ते शब्द येतात का बघतोय. मग म्हणाला, "तुझ्याशी बोलायला मला जमेल की नाही, ठाऊक नाही. प्रयत्न करणार का, तेही ठाऊक नाही. आईसाठी येईन." काच वर गेली.

लोक पांगले. नादीनने आईला आपल्या गाडीतून न्यायचं म्हटलं. आवाजात धार होती आणि ती भावाकडे बघत नव्हती. वर्ना म्हणाली, नको. मी ज्याच्याबरोबर आले त्याच्याबरोबर जाईन. नादीनला ते आवडलं नाही. जाताना तिने गाडीचं दार गरजेपेक्षा जोरात लावलं.

ट्रक उतरणीला लागला. ओढ्याजवळचा पूल आला. मग वर्ना समोर बघत म्हणाली, की इस्पितळात शेवटच्या आठवड्यात एमेट सारखा दाराकडे तोंड करून पडायचा. तिला वाटायचं, नर्सची वाट बघतोय. पाणी हवंय का, विचारायची. तो नाही म्हणायचा.

गार्लंडने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला, लहानपणी रडायचा तसा, श्वास अडकून. वर्नाने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिचा हात मांडीवर होता, तो तिथेच राहिला. पण ती थांबली. घाई केली नाही.

"मीही त्याला दर वेळी येऊ नको म्हणत होते," ती शेवटी म्हणाली. "तू सांगितलंस आणि मी मानलं. एकदा गावात जाऊन विचारायला मला कुणी अडवलं नव्हतं. लाज वाटायची. तुझं तू बघ, माझं मी बघते."

त्याने बाहीने तोंड पुसलं आणि ट्रक सुरू केला. घरापाशी त्याने तिला हाताला धरून उतरवलं, पायऱ्या मोजत वर नेलं, आतला दिवा लावला. मग तो दारात उभा राहिला. आत यावं की जावं हे त्याला कळेना. रोज सकाळी तो बस काढायच्या आधी येऊन तिच्या डोळ्यांत थेंब घालायचा.

"उद्या येऊ का?" त्याने विचारलं.

वर्ना खुर्ची चाचपून बसली. उत्तर द्यायला तिने वेळ घेतला. तो वेळ गार्लंडला उभ्या जन्मात विसरता येणार नव्हता.

"ये," ती म्हणाली. "एका मुलाशिवाय राहायची सवय मी केली होती. दोघांशिवाय राहायची करायला आता वय उरलेलं नाही."

तो दार ओढून घेऊन बाहेर आला. आईच्या आणि आपल्या घरामधल्या वाटेवर त्याचा पाय अडखळला, आणि तो काही वेळ तिथेच उभा राहिला. आईच्या घरातला दिवा विझेपर्यंत.